डांगच्या पाच राजांना सरकार आजही पैसे का देते?

होळी जवळ आली की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येते. फेटे बांधलेले पाच गृहस्थ बग्गीतून मिरवत येतात, व्यासपीठावर राज्यपाल किंवा एखादे मंत्री त्यांचा सत्कार करतात आणि पानसुपारीबरोबर त्यांना सरकारी पैसे दिले जातात. हे गुजरातच्या डांग जिल्ह्याचे मुख्यालय आहवा असते आणि सोहळ्याला ‘डांग दरबार’ म्हणतात. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले हे शाळेत शिकलेल्या वाचकाला हे पाच राजे कुठून उरले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. बातमीत बहुधा ‘देशातले शेवटचे पेन्शनधारी राजे’ एवढेच उत्तर असते आणि ते दिशाभूल करणारे आहे. या पैशांचे मूळ राजवैभवात नाही. ते लाकडाच्या एका व्यवहारात आहे. तो व्यवहार समजून घेतल्याशिवाय दरबाराचा अर्थ लागत नाही आणि डांगातल्या जमिनीचे आजचे वादही उलगडत नाहीत.

डांग म्हणजे नेमका कोणता भाग

सह्याद्रीची रांग उत्तरेकडे जिथे संपत येते तिथे, नाशिक, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांना पश्चिमेकडून टेकून, सुमारे १,७६० चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ जिल्हा पसरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख २८ हजार होती, म्हणजे गुजरातच्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी, आणि त्यातले ९४ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी होते. पूर्णा, अंबिका, खापरी आणि गिरा या नद्या इथल्या डोंगरांतून पश्चिमेकडे उतरतात. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, आणि उन्हाळा लागला की गावोगावच्या विहिरी तळ गाठतात. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना या जिल्ह्यातले एकच ठिकाण ठाऊक असते, ते म्हणजे सापुतारा.

भिल्ल, कोकणा, वारली आणि गामित हे इथले मोठे समाज आहेत. बांबूकाम करणारे कोटवाळिया आणि काथोडी संख्येने थोडे आहेत. कोकणा मुख्यतः शेती करणारे. आपले पूर्वज दुष्काळामुळे कोकणातून वर आले, अशी त्यांची परंपरा आहे. डांगात त्यांना कुणबीही म्हणतात आणि गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कुणबी’ ही नोंद डांगपुरती आहे. महाराष्ट्रात कुणबी नोंदींवरून जो वाद चालू आहे, त्याच्याशी या कुणब्यांचा काहीही संबंध नाही, हे इथेच सांगून टाकलेले बरे. डांगात राजे भिल्ल होते आणि जमीन कसणारे बहुतांशी कोकणा व वारली होते. ही विभागणी लक्षात ठेवायला हवी, कारण पैसे कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हे तिच्यावरच ठरते.

राजे कसले आणि राज्य कसले

राजा म्हटले की राजवाडा, खजिना, फौज आणि एका गादीवर एक वारस असे चित्र डोळ्यांपुढे येते. डांगात यातले जवळजवळ काहीच नव्हते. इंग्रजी दप्तरात डांगची चौदा लहान राज्ये नोंदलेली आहेत. त्यांतल्या गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाचांच्या प्रमुखांना राजा म्हणत आणि उरलेल्यांना नाईक. काही राज्ये तर चार-दोन गावांची होती. राजाचे घर इतरांच्या घरांसारखेच कुडाचे असे आणि त्याच्या दिमतीला कायमचे सैन्य नसे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सत्ता एका माणसाची नव्हती. राजाच्या भावकीतले पुरुष, म्हणजे भाऊबंद, त्या सत्तेत वाटेकरी होते. काही गावांचा महसूल एका भाऊबंदाकडे, काहींचा दुसऱ्याकडे, आणि गादी कोणाकडे जावी यावरून भांडणे नेहमीचीच. भाऊबंदकी हा शब्द मराठीत आपण कुचेष्टेने वापरतो. डांगात मात्र राज्य चालवण्याची रीतच ती होती. राजांची आडनावे पवार आणि सूर्यवंशी अशी आहेत, ती मराठी कानाला ओळखीची वाटतील.

या राजांच्या उत्पन्नाचे दोन मुख्य मार्ग होते. पहिला, शेतकऱ्यांकडून औतामागे किंवा कुदळीमागे घेतला जाणारा कर. दुसरा मार्ग डांगच्या बाहेर जात असे. खानदेशच्या पश्चिम कडेची आणि गायकवाडांच्या मुलखातली अनेक गावे डांगच्या भिल्लांना दरसाल ठरावीक रक्कम किंवा धान्य देत. या हक्काला ‘गिरास’ म्हणत. गिरास पोचले की गाव सुरक्षित राहायचे, आणि थकले की धाड पडायची. एखाद्याला ही उघड खंडणी वाटेल. परंतु त्या काळात डोंगरालगतच्या मुलखावर पूर्ण ताबा कोणाचाच नव्हता. मुल्हेरचे देशमुख, बडोद्याचे गायकवाड आणि डांगचे राजे या सगळ्यांचा तिथल्या महसुलात कमी-अधिक वाटा होता आणि तो वाटा मागण्याची प्रत्येकाची आपापली पद्धत होती. गायकवाडांचा उत्कर्षही डांगच्या उत्तरेला असलेल्या सोनगडातूनच झाला, आणि पिलाजीराव गायकवाडांना तिथे पाय रोवताना आसपासच्या भिल्ल-कोळ्यांची मदत झाली होती.

इंग्रज आले ते कशासाठी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. त्यांना सरळ रेषेत आखलेली हद्द आणि ठरल्या दिवशी भरला जाणारा सारा हवा होता. गिरास आणि धाडी त्या व्यवस्थेत बसत नव्हत्या. १८२५ मध्ये त्यांनी भिल्लांचीच एक पलटण उभारली. धरणगावला तिचे ठाणे होते आणि जेम्स आउट्रम तिचा प्रमुख होता. याच आउट्रमने १८३० मध्ये डांगावर स्वारी करून तिथल्या राजांना नमवले. स्वारी यशस्वी झाली, तरी डांग थेट ताब्यात घेऊन चालवणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. हिवताप, दाट जंगल आणि अपुरा महसूल यांमुळे तिथे कारभार थाटण्यात त्यांना रस नव्हता. त्यांना रस होता एकाच गोष्टीत, आणि ती म्हणजे साग.

मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी लढाऊ जहाजे बांधली जात. १८१७ मध्ये तिथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे, यावरून सागाची किंमत कळावी. मलबारची जंगले तोडीने विरळ होत गेल्यावर मुंबईला जवळचा साग हवा होता आणि तो डांगात मुबलक होता. १८४२ पासून इंग्रजांनी डांगच्या राजांशी करार करून जंगलातले लाकूड तोडण्याचा हक्क भाड्याने घेतला. मुलूख राजांचा, झाडे इंग्रजांची आणि त्याबद्दल राजांना दरसाल ठरावीक रक्कम, अशी विभागणी झाली. पुढे रेल्वे आली, रुळांखालच्या लाकडांची मागणी वाढली आणि १८६२ मध्ये नवे करार झाले. हे करार पुढे चालू ठेवायचे की नाही, हे ठरवणे व्यवहारात इंग्रजांच्याच हाती राहिले.

यातली मेख एका ओळखीच्या व्यवहारावरून लक्षात येईल. समजा, चार भावांची सामाईक आमराई आहे आणि आंबे उतरवण्यासाठी ती एका व्यापाऱ्याला बोलीने दिली आहे. पहिल्या वर्षी तो आंबे नेतो आणि पैसे देतो. काही वर्षांनी झाडांची राखण करायची म्हणून तो कुंपण घालतो. मग कुंपणाच्या आत गुरे चारायला बंदी येते, त्यानंतर झाडांमधल्या मोकळ्या जागेत नाचणी पेरायलाही. बोलीचे पैसे दरवर्षी वेळेवर मिळत राहतात, म्हणून तक्रार करायची तर ती कशाची, हेच भावांना कळत नाही. दोन पिढ्यांनी गावात विचारावे, तर आमराई व्यापाऱ्याची आणि भाऊ त्याच्याकडून दरसाल काहीतरी घेणारे, असे लोक सांगतात. डांगात हेच घडले. फरक इतकाच की व्यापारी सरकार होते आणि कुंपणाला कायद्याचा आधार होता.

दरबार कशासाठी भरत असे

कराराचे पैसे चौदा प्रमुखांना आणि त्यांच्या भाऊबंदांना वाटायचे, तर प्रत्येकाच्या पाड्यावर जाणे साहेबांना शक्य नव्हते. शिवाय गायकवाडी गावांकडून येणारे गिरासही एव्हाना इंग्रजांमार्फतच राजांना मिळू लागले होते, म्हणजे गिरास गोळा करण्याच्या निमित्ताने राजांनी डांगबाहेर पडण्याची गरज उरली नव्हती. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांना एका ठिकाणी बोलावून हिशेब चुकता करायचा, भांडणे मिटवायची आणि मानाप्रमाणे शिरपाव द्यायचा, अशी रीत पडली. हाच तो दरबार. त्याची वेळ होळीच्या आधीची असे, आणि होळी हा डांगातला वर्षाचा सर्वांत मोठा सण असल्याने पैसा हाती येण्याला लोकांच्या दृष्टीनेही अर्थ होता.

या जमवाजमवीमागे दोघांचेही हिशेब होते. मानाचा शिरपाव, बसण्याचा क्रम आणि रकमेची यादी यांतून कोण मोठा नि कोण लहान, हे आता सरकार ठरवू लागले. पूर्वी भाऊबंदांमध्ये सतत सरकत राहणारा सत्तेचा वाटा कागदावर नोंदला गेला आणि गोठला. दुसरीकडे, राजांच्या दृष्टीने दरबार हा पुरावा होता. जंगल आमचे आहे म्हणून तर सरकार दरवर्षी आमच्यापुढे पैसे ठेवते, असे ते मानत आले. एकाच समारंभाचे दोन्ही बाजूंनी दोन निराळे अर्थ घेतले आणि दोघांचेही काम भागत राहिले. माझ्या मते दरबार इतका टिकला तो यामुळेच.

हद्दी आखल्या गेल्या तेव्हा

डांगी लोकांच्या तोंडी चालत आलेल्या कथांत काळाचे दोन भाग पडतात. पहिला ‘मोगलाई’चा. त्याचा मोगल बादशहांशी फारसा संबंध नाही. मनाला येईल तिथे राहावे, जंगल तोडून शेत करावे, गिरास आणावे, असा तो मोकळेपणाचा काळ. दुसरा ‘मंदिनी’चा, म्हणजे जमिनीच्या आणि जंगलाच्या हद्दी आखून बसवल्यानंतरचा. वसाहतकाळाचा इतिहास सांगण्याची ही पद्धत इंग्रजी दप्तरापेक्षा कमी नेमकी आहे, असे मला वाटत नाही. कारण डांगातला खरा बदल १८३० च्या स्वारीने झाला नाही, तो हद्द आखण्याने झाला.

ही आखणी १८८९ च्या सुमारास झाली आणि डांगचा जवळपास तिसरा हिस्सा राखीव जंगल ठरला. राखीव जंगल म्हणजे असे जंगल, जिथे शेती, चराई किंवा लाकूड तोडणे यांतले काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. उरलेल्या भागात काही सवलती होत्या. पुढच्या काळात राखीव क्षेत्र वाढत गेले. तोवर डांगातली शेती जागा बदलत केली जाई. एका तुकड्यावरची झाडे छाटून त्यांचा पाला-फांद्या जाळायच्या, राखेत नाचणी, वरई पेरायची आणि काही वर्षांनी जमीन थकली की ती पडीक टाकून पुढे सरकायचे. कोकणात आणि मावळात ज्याला राब म्हणतात, तो याच कुळातला प्रकार. हद्द आखल्यावर पुढे सरकायला जागाच उरली नाही. अनेक पाडे उठवले गेले आणि माणसे नेमून दिलेल्या गावांत, औताच्या शेतीवर, कायमची बसवली गेली.

राजांना याबद्दल पैसे मिळत होते. ज्या कोकणा किंवा वारली शेतकऱ्याचे शेत हद्दीच्या आत गेले, त्याचे नाव मात्र कोणत्याही करारात नव्हते. करार लिहिताना जंगलाचा मालक म्हणून राजा धरला गेला आणि जंगलात पिढ्यान् पिढ्या शेती करणारे लोक त्याची रयत. लाकडाचे पैसे कोणाला द्यायचे, एवढाच प्रश्न असता तर ही सोय चालून गेली असती. पण प्रश्न जमिनीचाही होता.

लाकूड बाहेर नेण्यासाठी बडोदा संस्थानच्या रेल्वेने १९१३ मध्ये बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद रूळ टाकले. आता पर्यटक हौसेने बसतात ती छोटी गाडी मूळची सागाच्या ओंडक्यांसाठी आहे.

तनखे रद्द झाले, मग हे पैसे कसे राहिले?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो. तनखा म्हणजे संस्थान भारतात विलीन करताना संस्थानिकाला दिलेली वार्षिक रक्कम. राज्यघटनेच्या २९१ व्या कलमात तिची हमी होती आणि ती राष्ट्रपतींनी मान्यता दिलेल्या संस्थानिकांपुरती होती. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते कलमच काढून टाकले आणि संस्थानिक ही मान्यताही संपवली.

डांगच्या राजांचे पैसे या खात्यातले नव्हते. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई प्रांतात सामील झाला. जंगलाचा जो हक्क इंग्रजांनी भाड्याने घेतला होता तो आता पूर्णपणे राज्य सरकारचा झाला, आणि राजे, नाईक व भाऊबंदांना त्या जागी वंशपरंपरागत ‘राजकीय पेन्शन’ देण्याची व्यवस्था १९५४ पासून सुरू झाली. म्हणजे गादी सोडल्याची भरपाई म्हणून हे पैसे दिले जात नाहीत. जंगलाच्या जुन्या भाड्याचे ते बदललेले रूप आहे. म्हणून तनखे गेले तरी ते राहिले. १९६० मध्ये डांग गुजरातकडे गेल्यावर ही जबाबदारी गुजरात सरकारकडे आली.

रक्कम किती, हेही सांगायला हवे, कारण ‘पेन्शनधारी राजे’ या शब्दांनी भलतीच कल्पना होते. अनेक वर्षे ती काही हजारांत होती, आणि वाढ झाल्यानंतरही एका राजाला वर्षाला मिळणारे पैसे लाख-दोन लाखांच्या आसपासच आहेत. भाऊबंदांच्या वाट्याला येणारी रक्कम याहून पुष्कळ लहान असते. हे राजे साध्या घरांत राहतात, शेती करतात आणि पेन्शन वाढवावी, अशी मागणी दरबारातच करतात. ज्या जंगलातून शंभर-सव्वाशे वर्षे सरकारी खजिन्यात सागाचा पैसा गेला, त्याच्या तुलनेत ही रक्कम जवळजवळ नाममात्र आहे. म्हणून ‘लोकशाहीत राजांवर उधळपट्टी कशाला’ असे विचारणाऱ्याने आधी जुना हिशेब पाहावा.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. भाडेच द्यायचे तर ते फक्त राजघराण्यांना का? याचे समाधानकारक उत्तर पेन्शनच्या व्यवस्थेत नाही. करार ज्यांच्याशी झाला त्यांना पैसे मिळतात, इतकेच ती सांगू शकते.

डांग महाराष्ट्रात का आला नाही?

‘मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगावसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या मागणीत डांगचे नाव होते, हे आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. मराठी बाजूचा दावा निराधार नव्हता. डांगी बोलीला भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीबरोबर जागा मिळाली आहे. अहिराणी येणाऱ्या माणसाला डांगी ऐकताना परके वाटत नाही. डोंगऱ्या देवाचा उत्सव, वाघदेव, मावली ही दैवते सुरगाणा, पेठ, साक्री, नवापूर या पट्ट्यातही तीच आहेत. एकोणिसाव्या शतकात डांगचा कारभारही खानदेशातूनच चाले.

गुजराती बाजूकडेही सांगण्यासारखे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डांगचा कारभार खानदेशकडून सुरतकडे सोपवला गेला. नद्या, रेल्वे आणि लाकडाचा बाजार सगळे पश्चिमेकडे उतरणारे असल्याने व्यापारी, ठेकेदार आणि पुढे शाळामास्तरही तिकडूनच येऊ लागले. म्हणजे सागाच्या सोयीसाठी झालेली कारभाराची वाटणी पुढे भाषेच्या वादात पुरावा म्हणून उभी राहिली. १९४९ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर आणि त्यांच्या मंत्रिमंडळातले मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि त्यानंतर हा वाद जाहीरपणे पेटला. आहव्याला छोटुभाई व घेलुभाई नायक या गांधीवादी बंधूंचा स्वराज आश्रम होता, आणि नाशिककडून दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ आदिवासी पट्ट्यात काम करत होते. १ मे १९६० रोजी डांग आणि पश्चिम खानदेश व उंबरगावची काही गावे गुजरातमध्ये गेली.

तुमची भाषा कोणती, हा प्रश्न डांगींना बाहेरच्यांनीच विचारला आणि उत्तरासाठी दोनच पर्याय ठेवले. डांगी हे उत्तर दोघांच्याही सोयीचे नव्हते. त्यानंतर शाळा गुजराती माध्यमाच्या झाल्या आणि दोन पिढ्यांत लिहिण्या-वाचण्याच्या भाषेचा प्रश्न तरी निकालात निघाला. घरातली बोली, सोयरिकी आणि बाजारहाट मात्र राज्याची सीमा पाहून चालत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाने मिळत नाहीत म्हणून आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे आश्चर्य व्यक्त झाले. सीमेपलीकडच्या नातेवाइकांच्या गावातला रस्ता रोज पाहणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते.

‘निदान जंगल तरी वाचले ना?’

डांगचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आजही वृक्षाच्छादित आहे, आणि गुजरातमध्ये हे प्रमाण विरळाच. म्हणून हद्दी आखल्या ते बरेच झाले, असा युक्तिवाद केला जातो. त्यात थोडे तथ्य आहे. मोकळे रान सोडले असते तर ठेकेदारांनी साग शिल्लक ठेवला असता, असे मानायला आधार नाही. तरीही राखीव जंगल राखले गेले ते मुख्यतः तोडीसाठी, हे विसरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर तोडीचे काम जंगल कामदारांच्या सहकारी मंडळ्यांकडे आले, त्यातून डांगींना मजुरी मिळाली. नंतर तोड थांबत गेली आणि ती मजुरीही आटली. आता पावसाळी पिके निघाली की कित्येक कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जातात. जंगल आहे आणि जंगलात राहणारा माणूस सहा महिने बाहेर आहे, अशी ही स्थिती आहे.

२०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाचे नाव आल्यावर डांग पुन्हा बातम्यांत आला. पश्चिम घाटातल्या नद्यांचे पाणी सात धरणांत अडवून उत्तरेकडे न्यायचे, अशी ही योजना आहे, आणि त्यांपैकी चिकार, डाबदर व केळवण ही धरणे डांगातली आहेत. गावे बुडणार म्हणून मोठी आंदोलने झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात गुजरात सरकारने प्रकल्प सोडून दिल्याचे जाहीर केले. गावांचा विश्वास अजून बसलेला नाही. आराखड्याचा विषय निघाला की सभा पुन्हा भरतात.

अशा वेळी जमीन कोणाची, हे कागदावर असणे निर्णायक ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचे नाव त्या कागदावर येण्याची वाट उघडली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला ती स्वतःच्या नावावर मागता येते, आणि गावाला आपल्या सामाईक जंगलावरही हक्क सांगता येतो. पेन्शनच्या यादीत आपल्या पूर्वजांचे नाव होते की नाही, याला इथे काही महत्त्व नाही. अडचण पुराव्याची असते, कारण शंभर वर्षांच्या नोंदी ज्या वनखात्याकडे आहेत, त्याच खात्याच्या ताब्यातली जमीन मागायची असते. नियमांनी यावर एक तोड ठेवली आहे. दोन प्रकारचे पुरावे लागतात, आणि त्यांपैकी एक म्हणून गावातल्या, स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले म्हणणे चालते. कोणता पाडा कधी उठवला, कोणाचे शेत हद्दीच्या आत गेले, हे सांगणारी माणसे डांगात अजून आहेत. त्यांचे म्हणणे लिहून घेऊन ग्रामसभेपुढे ठेवायचे, हे काम ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने करायचे असते, आणि मग ग्रामसभा ठराव करून तो उपविभागीय समितीकडे पाठवते. दावा फेटाळला गेला तर तो का फेटाळला, हे दावेदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि त्याविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.